वलीम्यानंतर उरलेले



निकाहचा खुत्बा, ईजाब-कबूल आणि दुआ यांना मिळून अर्धा तास पुरतो. त्यानंतर उरलेल्या वस्तूंची आवराआवर मात्र दोन-दोन दिवस चालते आणि ती बहुधा शादीखान्याच्या सफाई कामगारांवर सोडून दिली जाते. या उरलेल्या वस्तूंचाही शरीअतीशी संबंध आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक प्रसंग आला आहे. माननीय मैमूना (रजि.) यांच्या एका मुक्त दासीला सदक्यात मिळालेली बकरी मेली. प्रेषित (स.) तेथून जात असता त्यांनी विचारले, की हिच्या कातड्याचा उपयोग का करून घेतला नाही? लोक म्हणाले, ती तर मुर्दार आहे. तेव्हा त्यांनी स्पष्ट केले, की निषिद्ध आहे ते तिचे खाणे. ज्या जनावराचे मांस हराम झाले, त्याचेही कातडे वाया जाऊ नये, ही शिकवण असेल तर एकदाच अंगावर चढलेल्या शराऱ्याचे आणि शेरवानीचे काय?

याचेही उत्तर बुखारीत आहे. माननीय आयशा (रजि.) यांच्याजवळ पाच दिरहम किमतीचे जाडेभरडे वस्त्र होते, त्यांची दासी ते घरातही घालायला नाखूश असे. त्यावर त्यांनी सांगितले, की प्रेषितांच्या काळात अशाच एका वस्त्रासाठी मदीनेत नटवायच्या प्रत्येक वधूच्या घरून आपल्याकडे मागणी येत असे. अशा उसन्या वस्तूला फिक्हमध्ये ‘आरियत’ म्हणतात. ती मागण्यात कमीपणा नाही आणि देण्यात सवाब आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. वधूला भेट म्हणून दिलेला जोडा तिच्या मालकीचा असतो. तो कोणाला द्यायचा झाल्यास परवानगी तिचीच हवी, सासूबाईंची नव्हे.

अन्नाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. काही वर्षांपूर्वी रात्री दीड वाजता एका वधुपित्याचा मला फोन आला. ‘मौलाना, दोन डेग बिर्याणी उरली आहे, मदरशाच्या मुलांसाठी पाठवतो.’ त्यांचा हेतू चांगला होता. परंतु दुपारी शिजलेली बिर्याणी झाकणाखाली तशीच राहिली होती. सकाळी डेग उघडली तेव्हा आंबूस वास आला आणि ती सारी पुरावी लागली. मुलांनी आनंदाने ताटे मांडून ठेवली होती. त्यांना चहा-पाव देताना माझी मान खाली गेली. जी वस्तू आपण स्वतः डोळेझाक केल्याखेरीज घेणार नाही, ती निवडून अल्लाहच्या मार्गात देऊ नये, अशी ताकीद सूरह बकरहच्या 267 व्या आयतीत आहे. मध्यरात्री नकोसे झालेले अन्न दुसऱ्याच्या दारी पोचवणे या ताकिदीच्या किती जवळ जाते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

म्हणून गरिबांचा वाटा शेवटी उरण्याची वाट न पाहता आधीच काढावा. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, ते अन्न हदीसमध्ये सर्वांत वाईट म्हटले आहे. पहिली पंगत बसताच एक डेग गरम असतानाच रवाना करावी. तरीही काही उरलेच तर दोन तासांच्या आत पसरट परातींत काढून वाटावे. डेगेतले अन्न आणि ताटातले उष्टे एकत्र करू नये. उष्टे कोंबड्या-मांजरांना घालावे. प्रत्येक सजीवाशी केलेल्या भलाईत पुण्य आहे. पाहुण्यांसाठीही एक मसला आहे. दस्तरखानावरील अन्न खाण्याची त्यांना मुभा असते, मालकी नसते. म्हणून यजमानांना विचारल्याशिवाय डबा भरून नेऊ नये. (हे वाचून काही भगिनी माझ्यावर रुष्ट होतील, याची कल्पना आहे.)

बाटल्या, खोके आणि न वापरलेल्या द्रोण-पत्रावळी वेगळ्या काढून भंगारवाल्याला किंवा पुढच्या घरच्या कार्याला देणे सोपे आहे. अडचण येते ती पत्रिकांची. त्यांवर बिस्मिल्लाह आणि आयती छापलेल्या असतात, त्यामुळे त्या रद्दीत टाकता येत नाहीत. तो भाग कापून स्वच्छ कापडात गुंडाळावा आणि पायदळी येणार नाही अशा जागी पुरावा; उरलेला कागद खुशाल रद्दीत द्यावा. काही विद्वानांनी जाळण्याचीही मुभा दिली आहे, हजरत उस्मान (रजि.) यांनी प्रमाणित प्रती पाठवल्यावर इतर लिखित प्रती जाळण्याचा आदेश दिला होता, हा त्यांचा आधार आहे. पत्रिकेचा मजकूर तपासायला जे माझ्याकडे येतात, त्यांना मी हल्ली आयत न छापण्याचे सुचवतो. दोन घरे त्यामुळे नाराज झाली. तिसऱ्याने मात्र पत्रिकाच छापल्या नाहीत, घरोघरी जाऊन दावत दिली.