गौण विषय कोणता घ्यावा? : इस्लामी, ज्यू आणि प्राचीन संस्कृतींचा अभ्यास



बारावीचा निकाल लागला की विषय-निवडीचा विचार सुरू होतो. मुख्य विषय बहुतेक घरांत आधीच ठरलेला असतो. मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून नवे शिक्षण धोरण लागू झाल्यावर पदवीला मुख्य विषयासोबत एक गौण विषय, म्हणजे मायनर, घ्यावा लागतो. तो मात्र "सोपा कोणता?" एवढेच पाहून घेतला जातो. आमच्या मते ही संधी वाया घालवणे आहे. म्हणून या अंकात जरा वेगळ्या विषयाची ओळख करून देत आहोत.

जगातील अनेक विद्यापीठांत इस्लामी, ज्यू (यहुदी) आणि पश्चिम आशियाच्या प्राचीन संस्कृती एकत्र शिकवल्या जातात. पालकांचा प्रश्न स्वाभाविक आहे : तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कशासाठी, आणि आपल्या मुलांना त्यांचे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका खोलीत सापडते. देवाचे नाव असलेला कागद फाडू किंवा जाळू नये, अशी ज्यूंची प्रथा आहे. त्यामुळे जुन्या कैरोतील बेन एझ्रा प्रार्थनामंदिराच्या एका खोलीत शतकानुशतके कागद साठत गेले. त्यांत पोथ्यांबरोबर हिशेब, करारनामे आणि घरगुती पत्रेही होती. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यांतील सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला नेले. पुढे एस. डी. गोइटाइन यांनी अशा कागदांवरून त्या काळच्या समाजाचा मोठा इतिहास लिहिला.

यांतच अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रे आहेत. हा मूळचा ट्युनिशियाचा ज्यू बाराव्या शतकात आपल्या मंगळूरला राहत होता. तेथे त्याचा पितळी भांड्यांचा कारखाना होता. तो मिरी आणि लोखंड पाठवी व एडनच्या भागीदाराकडून कागद मागवी. त्याच्या पत्रांची लिपी हिब्रू, पण भाषा अरबी! फक्त हिब्रू येणारा ती अक्षरे वाचील, पण अर्थ लागणार नाही. फक्त अरबी येणाऱ्याला लिपीच कळणार नाही. त्या काळच्या मुस्लिम राज्यांतील व्यापाराची रीत माहीत नसेल, तर व्यवहार उलगडणार नाही. हे विषय एकत्र का शिकवतात, ते यावरून ध्यानात यावे.

भाषाही एकमेकींच्या बहिणी आहेत. अरबीत 'सलाम', हिब्रूत 'शालोम', आणि मातीच्या विटांवर लिहिल्या जाणाऱ्या प्राचीन अक्कादी भाषेत 'शुल्मु'. तिन्हींचे मूळ एकच.

आता दुसरा प्रश्न : आपले काय? शाळेतली 'हजेरी', फळ्यावरची 'तारीख', रजेचा 'अर्ज' हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. पाठीवरचे 'दप्तर'ही फारसीतून आले, आणि त्याचे मूळ अभ्यासक ग्रीक भाषेतील कातड्याच्या शब्दापर्यंत नेतात. माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव जूलियन, यांनी १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश सिद्ध केला. सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणली, म्हणून मराठ्यांचा इतिहास दुसऱ्या बाजूच्या कागदांवरूनही पडताळता आला. कोकणातील बेने इस्राएल तर मराठीच बोलणारे ज्यू. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांची आडनावेही आपल्यासारखी, पेणकर आणि किहीमकर. आज त्यांतील बहुसंख्य लोक इस्राएलमध्ये स्थायिक आहेत.

या अभ्यासाचा खरा लाभ मात्र शब्दांपुरता नाही. १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने एका असीरियन लेखाची चार विद्वानांनी स्वतंत्रपणे केलेली भाषांतरे मोहोरबंद पाकिटांत मागवली. पाकिटे उघडली तेव्हा मुख्य अर्थ जुळला, आणि ती लिपी उलगडल्याचे लोकांनी मानले. आधी पुरावा, मग मत, अशी ही शिस्त आहे. आज मोबाईलवर एखाद्या धर्माविषयी किंवा समाजाविषयी काहीही येते आणि मुले ते खरे मानून पुढे पाठवतात. आपल्याच गल्लीत, आपल्याच बाकावर त्या समाजाची मुले असतात. "हे कोणी लिहिले, कोणत्या भाषेत, कशासाठी?" असे विचारण्याची सवय लागली, तर ती मुख्य विषय कोणताही असला तरी जन्मभर उपयोगी पडेल. दुसऱ्याचा धर्म समजून घेतल्याने आपला सुटत नाही, हेही पालकांनी निश्चिंतपणे ध्यानात ठेवावे.

केवळ या विषयावर नोकरी मिळेल, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु संग्रहालये, अभिलेखागारे, भाषांतर आणि पत्रकारिता येथे त्याची जोड कामास येते. भारतीय परराष्ट्र सेवेत निवड झालेल्यांना एक परदेशी भाषा शिकावी लागते, आणि त्या भाषांत अरबी, फारसी व हिब्रूही आहेत.

नेमक्या याच नावाचा गौण विषय आपल्याकडे सहसा मिळणार नाही. अशा वेळी इतिहास, प्राचीन भारतीय इतिहास व पुरातत्त्व, अरबी, फारसी किंवा उर्दू यांतून सुरुवात करता येते. अर्ज भरण्यापूर्वी महाविद्यालयाची विषय-यादी नीट पाहावी, शिकवणारे प्राध्यापक आहेत ना याची चौकशी करावी, आणि शक्य असेल तर एक भाषा अवश्य निवडावी. भाषेला वेळ लागतो. शिकागो विद्यापीठाचा असीरियन कोश १९२१ मध्ये सुरू होऊन २०११ मध्ये पूर्ण झाला. आपल्याला तर तीन-चार वर्षांचाच प्रश्न आहे.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की शाळेच्या ग्रंथालयात या विषयांची काही पुस्तके आणि एक चांगला फार्सी-मराठी कोश घ्यावा. ज्या विद्यार्थ्यांना अधिक माहिती हवी असेल, त्यांनी पालकांसह शाळेत येऊन अवश्य भेटावे.