नवीन घराची फरशी : निवड व जाडीचे नियोजन

सुगी आटोपली, हाती चार पैसे आले की आपल्यापैकी बरेच जण नव्या घराचे काम काढतात. पाया, भिंती व स्लॅब यांचा विचार बारकाईने होतो. फरशीचा मात्र शेवटी, पैसे संपत आल्यावर होतो. मग दारे अडतात, दोन खोल्यांत उंचवटा राहतो आणि घरातील वृद्ध माणसे त्याला ठेचकाळून पडतात. हे टाळायचे असेल तर कोणत्या खोलीत कोणती फरशी बसवायची, हे जोत्यात भराव करतानाच ठरवावे.

खोलीनुसार निवड

1) धान्याची खोली, पडवी व ओसरी : येथे पोती ओढली जातात, अवजारे टेकवली जातात. शहाबादी फरशी योग्य. जाडी 30 ते 40 मिमी घ्यावी.

2) स्वयंपाकघर : कोटा फरशी (20 ते 25 मिमी) टिकाऊ असते व झिजल्यास पुन्हा पॉलिश करता येते. मात्र शहाबादी, कोटा व कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. लिंबू, चिंच यांचा आंबट रस किंवा संडास धुण्याचे ॲसिड पडल्यास त्यांची चकाकी जाते व डाग राहतात. सांडलेले लगेच पुसावे.

3) बैठकीची खोली : व्हिट्रिफाइड टाइल (8 ते 10 मिमी) पाणी फारच कमी शोषते व स्वच्छ ठेवण्यास सोपी असते. ओली झाल्यावर गुळगुळीत टाइल निसरडी होते, हे ध्यानात ठेवावे.

4) न्हाणीघर : खरबरीत पृष्ठभागाची सिरॅमिक टाइलच बसवावी.

जाडीचा हिशेब

फरशीची जाडी म्हणजे केवळ दगडाची जाडी नव्हे. तिच्याखालील सिमेंट-वाळूचा मालही धरावा लागतो. माल 40 मिमी धरल्यास हिशेब असा होतो :

बैठकीची खोली : टाइल 10 + माल 40 = 50 मिमी
स्वयंपाकघर : कोटा 25 + माल 40 = 65 मिमी
धान्याची खोली : शहाबादी 35 + माल 40 = 75 मिमी

तयार फरशी सर्वत्र एकाच पातळीत हवी असेल, तर खालचे काँक्रीट अनुक्रमे 50, 65 व 75 मिमी खाली थांबवावे. सर्वत्र 50 मिमीच ठेवल्यास धान्याच्या खोलीची फरशी 25 मिमी, म्हणजे इंचभर वर येईल. सर्वत्र 75 मिमी ठेवल्यास 12 फूट × 15 फूट बैठकीच्या खोलीत इंचभर जादा माल लागेल. हा माल 15 घनफूट होतो. 1:6 प्रमाणाने त्यात दोन ते अडीच गोण्या सिमेंट विनाकारण जाते.

गवंड्याकडून करून घ्यावयाची कामे

• पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तयार फरशीच्या पातळीपासून बरोबर 1 मीटर उंचीवर सर्व भिंतींवर खूण करून घ्यावी. पुढील सर्व मापे या खुणेवरूनच घ्यावीत.

• दाराची फळी तयार फरशीपासून सुमारे 6 मिमी (दोन सूत) वर राहील, अशी चौकट बसवावी.

• न्हाणीघराची फरशी लगतच्या खोलीपेक्षा 20 ते 25 मिमी खाली ठेवावी व जाळीकडे दर फुटाला किमान एक सूत उतार द्यावा.

• जिन्याची पहिली पायरी ओतताना खालच्या फरशीची जाडी धरावी. फरशी 75 मिमी व पायरीवरील थर 40 मिमी असेल, तर पहिली पायरी इतरांपेक्षा 35 मिमी जास्त उंच ओतावी. नाहीतर ती ठेंगणी राहते आणि पाय चुकतो.

भरावाची काळजी

काळी माती ओलाव्याने फुगते व वाळल्यावर आकसते. म्हणून जोत्यात काळी माती कदापि भरू नये. मुरूम 15 ते 20 सेंमी थरांत पाणी मारून चांगला ठोकावा. त्यावर दगडांची सोलिंग व 10 सेंमी काँक्रीट करावे. धान्याच्या खोलीत काँक्रीटखाली जाड पॉलिथिन कागद अंथरावा, म्हणजे जमिनीची ओल वर चढणार नाही. तरीही पोती फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून थोडी दूर ठेवावीत.

फरशी बसल्यावर किमान सात दिवस पाणी मारावे व तोवर जड सामान ठेवू नये. शेवटी प्रत्येक फरशी लाकडी दांड्याने हलके ठोकून पाहावी. पोकळ आवाज आल्यास खाली माल नीट भरलेला नाही असे समजावे व गवंड्याचा हिशेब पुरा करण्याआधीच ती काढून पुन्हा बसवून घ्यावी.