होडीतला धडा : उलांडी, सुंभ आणि वल्हं



सहावीच्या वर्गात मी फळ्यावर होडी काढली. तिच्या एका बाजूला, थोडं अंतर सोडून, पाण्यावर तरंगणारा ओंडका दाखवला आणि विचारलं, "याला काय म्हणतात?" शाळा खाडीपासून हाकेच्या अंतरावर, तरी 'उलांडी' हा शब्द एकालाच ठाऊक होता. त्याचे आजोबा होडी वल्हवायचे. तेव्हाच ठरवलं, पुढचा पाठ होडीचाच!

होडी कशी बनायची?
दक्षिण कोकणात आणि गोव्यात आंब्याचं जाड खोड आतून कोरून होडीचा तळ करत. बाजू उंच करायला वर फळ्या चढवत. जुन्या पद्धतीत या फळ्या खिळ्यांनी ठोकत नसत, तर चक्क शिवत! फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, सांध्यावर काथ्या दाबून बसवायचा आणि सुंभ ओवून आवळायचं. भोकं राळेने बुजवायची. लाकूड टिकावं म्हणून माशाचं किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावायचं.

शिवायची का?
लोखंडी खिळा खाऱ्या पाण्यात गंजतो, काथ्या मात्र टिकतो. शिवलेली होडी वाळूवर आपटली तरी थोडी लवते, सहसा फुटत नाही. फळी कुजली तर शिवण उसवून नवी बसवता येते.

उलांडीचं विज्ञान
होडी उलांडीकडे कलली की पाणी ओंडक्याला वर ढकलतं. उलट बाजूला कलली की ओंडक्याचं वजन तिला खाली ओढतं. म्हणून अरुंद होडीही सहज उलटत नाही. आणि वल्हं म्हणजे तरफ. टेकू, बल आणि भार कुठे आहेत, ते मुलांनाच शोधू द्या.

करून पाहा
केळीच्या सोपटाची होडी पाण्यात सोडा. एका काठावर खडे ठेवत जा, किती खड्यांना उलटते ते मोजा. मग दोन काड्यांनी बाजूला हलक्या लाकडाचा तुकडा बांधा आणि पुन्हा मोजा. फरक मुलंच सांगतील.

आज काय?
आता खाडीत फायबरच्या होड्या दिसतात. त्या हलक्या, देखभालही कमी. मच्छीमाराला दोष कसा देणार? पण जुन्या कारागिराकडे कागदावरचा आराखडा नसायचा. माप हातात आणि नजरेत असायचं. तो थांबला की पुस्तकच मिटलं.

तरी आशा आहे. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात शिवलेलं 'कौंडिण्य' हे शिडाचं जहाज 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. ते शिवलं केरळच्या कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली. हात शिल्लक होते म्हणूनच ते जमलं.

पालकहो, या सुट्टीत मुलांना एखाद्या जुन्या होडीवाल्याकडे न्या. होडीच्या प्रत्येक भागाचं नाव विचारून वहीत लिहायला सांगा. ती वही शाळेत आली की आमचा पुढचा पाठ तिथून सुरू होईल.