इसहाकाच्या विहिरी आणि यार्देनचे पाणी

तोलेदोथच्या पाराशात इसहाकाच्या विहिरींची हकिगत येते. गरारच्या खोऱ्यात त्याच्या नोकरांनी विहीर खणली, तोच तेथील गुराखी पाण्यावर हक्क सांगत भांडू लागले. त्या विहिरीचे नाव पडले एसेक, म्हणजे तंटा. दुसरीवरही वाद झाला. ती सित्ना, म्हणजे वैर. तिसरीवर कोणी भांडले नाही. ती रेहोवोथ, म्हणजे ऐसपैस जागा. पुढे राजा अवीमेलेख स्वतः चालून आला आणि उभयतांनी शपथ घेऊन करार केला. त्याच दिवशी नोकरांनी पाणी लागल्याची वार्ता आणली. ते गाव बेएर शेवा. आपली कितीतरी कुटुंबे तेथेच राहतात.

इसहाकाला तंट्याची विहीर सोडून दुसरी खणता आली. नदीच्या बाबतीत ही सोय नाही. म्हणून या पाठात आपण आपल्या यार्देन नदीचा विचार करू.

खोरे एक, वाटेकरी अनेक

यार्देनचे मुख्य उगम तीन. दान इस्राएलात, हस्बानी लेबनानात आणि बानियास हेर्मोनच्या पायथ्याशी, १९६७ पूर्वी सिरियाकडे असलेल्या भागात. तिन्हींचे पाणी किनेरेतला मिळते. किनेरेतच्या खाली, सिरिया आणि जॉर्डनच्या सीमेवरून आलेली यार्मूक यार्देनला मिळते. शेवटी सारे पाणी याम हामेलाखमध्ये जाते. इस्राएल, जॉर्डन, सिरिया, लेबनान आणि पॅलेस्टिनी असे पाच वाटेकरी. वरच्याने पाणी अडवले की खालच्याचा कालवा आटतो, मग मध्ये सीमा असो वा नसो.

तंट्याचे दिवस

१९५३ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी एरिक जॉन्स्टन यांना वाटणीची योजना घेऊन पाठवले. १९५५ पर्यंत तज्ज्ञांचे बरेचसे एकमत झाले, पण अरब लीगने मान्यता दिली नाही. १९६४ साली आपला मोविल आर्त्सी सुरू झाला आणि किनेरेतचे पाणी दक्षिणेकडे निघाले. अरब देशांनी उगमाचे पाणी वळवण्याचे काम हाती घेतले आणि त्यावरून सिरियाच्या सीमेवर गोळीबार झाले.

तरीही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. युद्धस्थिती कायम असताना इस्राएल आणि जॉर्डनचे पाणी-इंजिनिअर यार्मूकच्या काठी भेटत. पाण्याची मापे घेणे, गाळ काढणे, एवढेच बोलणे. या भेटींना पुढे ‘सहलीच्या टेबलावरच्या बैठका’ असे नाव पडले.

१९९४ चा करार

या सवयीचा उपयोग २६ ऑक्टोबर १९९४ च्या शांतता करारात झाला. यार्मूकला भरपूर पाणी येते हिवाळ्यात. शेतीला ते लागते उन्हाळ्यात. जॉर्डनकडे तेव्हा यार्मूकवर मोठे धरण नव्हते. इस्राएलकडे किनेरेत होते. म्हणून असे ठरले की, यार्मूकमधून इस्राएलने उन्हाळ्यात, म्हणजे १५ मे ते १५ ऑक्टोबर, १ कोटी २० लाख घनमीटर आणि हिवाळ्यात १ कोटी ३० लाख घनमीटर घ्यावे, उरलेले जॉर्डनचे. शिवाय हिवाळ्यात इस्राएलने आणखी २ कोटी घ्यावे आणि उन्हाळ्यात तितकेच यार्देनमधून जॉर्डनला द्यावे. महाराष्ट्रात धरणाचे पाणी टीएमसीत मोजतात; २ कोटी घनमीटर म्हणजे एक टीएमसीसुद्धा नव्हे. पण कोरड्या देशात तेवढ्याचीही किंमत मोठी. देखरेखीसाठी प्रत्येकी तीन सभासदांची संयुक्त समिती नेमली गेली.

उणिवा

करारात आकडे आहेत, पण दुष्काळात ते किती कमी करावे याचा नियम नाही. १९९९ च्या दुष्काळात यावरून तंटा झाला आणि तो बोलणी करून मिटवावा लागला. सिरिया आणि लेबनानशी इस्राएलचा पाण्याचा करारच नाही. पॅलेस्टिनींबरोबर १९९५ साली संयुक्त पाणी समिती ठरली, पण यार्देनच्या पाण्यात त्यांना वाटा मिळाला नाही. आणि खुद्द नदीचे काय? एके काळी वर्षाला सुमारे १३० कोटी घनमीटर पाणी याम हामेलाखला पोहोचत असे. आता त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पोहोचते. समुद्राची पातळी दरवर्षी एक मीटरहून अधिक खाली जाते. सर्वांनी आपापला वाटा घेतला, नदीसाठी कोणी काही ठेवले नाही.

आजचे रेहोवोथ

अश्केलोन येथे २००५ साली, हदेरा येथे २००९ साली आणि सोरेक येथे २०१३ साली समुद्राचे पाणी गोडे करण्याचे मोठे कारखाने सुरू झाले. त्यामुळे हात सैल झाला, आणि २०२१ साली इस्राएलने जॉर्डनला जादा ५ कोटी घनमीटर पाणी विकण्याचे मान्य केले. पाणी वाढले की तंटा कमी होतो, हे खरे. पण ते वाढण्याआधी चाळीस वर्षे कोणीतरी काठावर बसून मापे घेत होते, हेही तितकेच खरे.

शब्बाथला घरच्या मंडळींबरोबर या दोन प्रश्नांचा जरूर विचार करावा:

१. दुष्काळात वाटा करारातील आकड्याप्रमाणे द्यावा, की असेल त्या पाण्याच्या प्रमाणात?

२. पाण्याची वाटणी करताना नदीचाही एक वाटा धरावा काय? धरल्यास तो कोणाच्या वाट्यातून काढावा?