आमच्या घरचा मिक्सर
(एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी)



‘घरातल्या एका यंत्राचे निरीक्षण करा आणि लिहून आणा,’ असे गुरुजींनी विज्ञानाच्या तासाला सांगितले. मी आमचा मिक्सर निवडला. आईने तो बचत गटाचे कर्ज काढून घेतला आहे. हप्ते अजून चालू आहेत, म्हणून घरात सगळे त्याला जपतात.

मिक्सरला तीन भांडी आहेत. सर्वांत छोटे ते चटणीचे भांडे. कोरडे वाटण त्यात करतात. खालच्या डब्यात मोटर असते. तिच्यामुळे भांड्यातले पाते मिनिटाला हजारो वेळा फिरते. पाट्यावर जिन्नस दाबून चिरडला जातो, मिक्सरमध्ये तो वेगाने तुटतो. दोन्हींत हा फरक आहे.

छोट्या भांड्याचे आमच्याकडचे उपयोग :

1. शेंगदाण्याचा कूट, तिळाची, जवसाची व कारळाची चटणी. मिक्सर थांबत थांबत फिरवावा. एकसारखा फिरवला तर तेल सुटून गोळा होतो.

2. धने-जिऱ्याची पूड. धने आधी भाजून, पूर्ण गार करून घ्यावेत.

3. वेलची. तिच्यात चमचाभर साखर टाकली की पूड बारीक होते.

4. शेवग्याचा पाला व कढीपत्ता. दोन्ही सावलीत वाळवून पूड करतो आणि आमटीत किंवा भाकरीच्या पिठात घालतो. शेवग्याच्या पाल्यात लोह असते.

5. वाळलेली तुळस, गवती चहा आणि सुंठ यांचा चहाचा मसाला.

6. शिकेकाई व बिया काढलेले रिठे. ही पूड करताना नाकातोंडाला फडके बांधावे. झाकण लगेच उघडू नये, पूड डोळ्यांत जाते. नंतर भांडे दोनदा धुवावे.

7. अंड्यांची धुऊन वाळवलेली टरफले. ही पूड परसातल्या झाडांना घालतो. तिच्यात कॅल्शियम असते.

पण सर्वांत मोठा उपयोग आजीला झाला. तिला दात नाहीत. शेंगदाणे तिला फार आवडतात, पण खाणे सुटले होते. आता आई कूट आणि गूळ एकत्र फिरवून तिला मऊ लाडू करून देते. आजी म्हणते, “बाळा, या यंत्रानं मला दातच दिले बघ!”

आता माझी चूक सांगते. एकदा आई शेतात गेली होती. मी कोणाला न विचारता सुंठेचे अख्खे तुकडे भांडे गच्च भरून घातले आणि मिक्सर फिरवला. घर्रर्र आवाज झाला, जळका वास आला आणि मिक्सर बंद पडला. माझ्या पोटात गोळाच आला. हप्ते फिटले नाहीत आणि मी मोटर जाळली! संध्याकाळी मी जेवले नाही. शेवटी रडत रडत आईला सांगितले. ती म्हणाली, “अगं, तुझ्या हाताला तर काही झालं नाही ना? मग रडतेस कशाला?”

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी समजावले. मोटरीवर फार भार आला की आतली कळ वीज तोडते, म्हणजे मोटर जळत नाही. बुडाला लाल बटण असते. पिन काढून मिक्सर गार होऊ द्यायचा, मग ते बटण दाबायचे. बाबांनी तसे केले आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला! आजीने देवापुढे साखर ठेवली.

गुरुजींनी आणखी एक माहिती दिली. 1960 नंतरच्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांच्या घरचा परदेशी मिक्सर आपल्याकडच्या वाटणाने बंद पडला. तेव्हा त्यांनी जास्त ताकदीच्या मोटरीचा ‘सुमीत’ मिक्सर तयार केला. म्हणजे आपले वाटण मोटरीला खरोखरच जड असते.

तेव्हापासून आमचे नियम असे : भांडे अर्धेच भरावे. सुंठ आधी खलबत्त्यात फोडावी. एका वेळी मिनिटभरापेक्षा जास्त फिरवू नये. गरम जिन्नस घालू नये, वाफेने झाकण उडते. ओल्या हाताने बटण दाबू नये. पात्याला हात लावण्याआधी पिन काढावी. मोटरीचा डबा पाण्याने धुवू नये. आणि मुलांनी मोठ्यांशिवाय मिक्सर लावू नये.

खर्चाचे गणितही केले. आमचा मिक्सर 500 वॅटचा आहे. रोज 12 मिनिटे चालला तर दिवसाला 0.1 युनिट, म्हणजे 30 दिवसांना 3 युनिट वीज लागते. पूर्वी आईचा पाट्यावर रोज अर्धा-पाऊण तास जायचा.

तरी पाटा आम्ही काढलेला नाही. वीज गेली की तोच कामाला येतो.

पालकांनो, तुमच्या घरी मिक्सर असेल तर आज त्याच्या बुडाचे लाल बटण शोधून ठेवा. पण आधी पिन काढा हं!