मोबाईलला वायफाय मिळतं, मग लॅपटॉपला का नाही?

यू-डायस प्लसची माहिती भरायला बसावं आणि नेमकं तेव्हाच वायफाय जोडलं जाऊ नये! पिंपळगाव राजाहून लॅपटॉप घेऊन खामगाव गाठण्याआधी एवढं करून बघा.

त्याच वायफायवर मोबाईल लावा. मोबाईल डेटा मात्र बंद ठेवा, नाहीतर फसगत होते. मोबाईल चालला तर लाईन ठीक आहे, लॅपटॉपकडे बघा.

लॅपटॉपला एकही नाव दिसत नसेल तर एअरप्लेन मोड तपासा. मुलांच्या हातून ते बटण सहज दाबलं जातं. शेजाऱ्यांची नावं दिसतात, आपलंच नाही? मग राउटर 5 गिगाहर्ट्झवर असेल. बऱ्याच जुन्या लॅपटॉपला फक्त 2.4 कळतं. राउटरमध्ये 2.4 सुरू करा. त्याचा वेग कमी, पण भिंतीपलीकडे तेच जास्त पोचतं.

नाव दिसूनही जोडत नसेल तर ते नेटवर्क 'फर्गेट' करून पासवर्ड नव्याने टाका. जोडलं, पण इंटरनेट नाही आणि आयपी पत्ता 169.254 ने सुरू होतोय? म्हणजे राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. राउटर, लॅपटॉप दोन्ही बंद करून चालू करा.

सगळं ठीक असूनही साईट उघडत नसेल तर लॅपटॉपची तारीख बघा. ती चुकीची असली की ब्राउझर सुरक्षित साईट अडवतो.