पंपाची भीती, पुडीवर भरवसा

माझ्या थोरल्या भावाला लहानपणापासून दमा. मळणीची धूळ उडाली, उसाचं पाचट पेटलं किंवा पावसाळ्यात भिंतींना ओल आली, की दादाची छाती वाजायला लागायची. डॉक्टरांनी पंप लिहून दिला होता. पण त्यात स्टेरॉइड असतं, एकदा लागला की सुटत नाही, असं चार जणांनी सांगितलं आणि पंप कपाटात गेला. त्याच्या जागी आठवडी बाजारातल्या एका माणसाच्या पुड्या आल्या. गुण असा झटपट आला की घरात सगळ्यांना हायसं वाटलं. दादा रात्रभर झोपू लागला, भूक वाढली, चेहरा गोल झाला. भावकीत दोघांनी पुडीवाल्याचा पत्ता मागून घेतला.

पुढे साखर वाढली. कातडी इतकी नाजूक झाली की जरा कुठे धडकलं तरी काळेनिळे डाग उठत. छातीच्या डॉक्टरांनी सकाळच्या वेळचं कॉर्टिसॉल तपासलं, ते फारच कमी निघालं. स्टेरॉइड बराच काळ बाहेरून मिळत राहिलं की कॉर्टिसॉल बनवणाऱ्या, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींचं काम मंदावतं. पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्यांची भुकटी असणार, हा डॉक्टरांचा निष्कर्ष. ज्या औषधाच्या धास्तीनं पंप टाकला, तेच बेहिशेबी पोटात जात होतं.

याचा मला अजून संताप येतो. बुडेसोनाइड या स्टेरॉइडच्या पंपाच्या एका दाबात साधारण १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम औषध असतं, आणि १,००० मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो. गोळ्या मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि त्या रक्तातून अंगभर फिरतात. पंपातलं औषध मात्र थेट श्वासनलिकांच्या सुजेवर जातं, आणि दम्याचं मूळ त्या सुजेतच आहे. तीव्र झटक्यात डॉक्टरही स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, पण थोडे दिवस आणि मोजून.

निळा पंप वेगळा. त्यातलं सॅल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करतं, काही मिनिटांत मोकळं वाटतं, सूज मात्र तशीच राहते. म्हणून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ साली स्पष्ट केलं की मोठ्यांचा दमा नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये. आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा तो लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं समजा. बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप परस्पर बंद करू नका.

फुंकून करायची स्पायरोमेट्री एकदा तरी करून घ्याच. वर्षानुवर्षं चुलीचा धूर किंवा विडी छातीत गेलेल्या माणसाचा ‘दमा’ अनेकदा सीओपीडी हा फुप्फुसांचा दुसराच आजार असतो आणि त्याचे उपचार वेगळे. पंपाला स्पेसर म्हणजे जोडनळी लावून तो घ्या, श्वास सावकाश ओढा, दहा सेकंद रोखा, मग चूळ भरा. एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसले किंवा निळ्या पंपानं उतार पडेना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

आणि घरात कुणी अशा पुड्या घेत असेल, तर रागाच्या भरात त्या एकदम बंद करू नका. ग्रंथी मंदावलेल्या असतील तर रक्तदाब एकाएकी कोसळतो, जीवावर बेततं. दादाचा डोससुद्धा डॉक्टरांना महिनोन्महिने हळूहळू उतरवावा लागला. पुडी खिशात घाला, माणसाला सोबत घ्या आणि आजच डॉक्टरांकडे जा.